तळ्याकाठची वाट, अण्णांची खुर्ची आणि आईचे गुडघे

वाचकाचं पत्र

वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय ७२, वजन ६८ किलो. सव्वा वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. फिजिओथेरपीमुळे आता चार पायांची काठी धरून घरात वीसेक पावलं टाकतात, बाहेर मात्र व्हीलचेअर लागते. खुर्ची नातेवाइकांकडून आणलेली आहे, मागची चाकं हवेची आणि पुढची लहान. आई ६७ वर्षांची. तिला शुगर आहे, गुडघ्यांची झीज आहे, तरी खुर्ची ढकलायला तीच पुढे होते. ‘दांडा धरला की मलाही आधार होतो,’ म्हणते. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. दोघांना आठवड्यातून एकदा तरी पाण्याकाठी, झाडाखाली, सपाट वाटेवर फिरवून आणावं असं मनात आहे. भाऊ म्हणतो, थेट पंढरपूरला चंद्रभागेवर नेऊ. अण्णा म्हणतात, मला खुर्चीत बसवून गावभर मिरवू नका. कुठे न्यावं, काय तयारी करावी आणि खुर्ची बदलावी का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर

ताई, सोलापूर शहराला नदीकाठ नाही. सीना शहराबाहेरून जाते, भीमा त्याहून लांब. आपला नदीकाठ म्हणजे तळ्याचा काठ, आणि तुमच्या कामाला तो जास्त सोयीचा आहे. तळ्याची वाट बहुतेक ठिकाणी एका पातळीत असते, नदीकडे उतरायचं म्हटलं की घाटाच्या पायऱ्या आल्याच. जागा निवडताना देखावा शेवटी बघा. आधी जमीन, मग उतार, मग फाटक, मग संडास. या चारांपैकी एक जरी फसलं तरी कितीही सुंदर काठ असला तरी अण्णांना तो गाडीतूनच बघावा लागेल.

तुमच्या घरापासून जवळचा म्हणजे विजापूर रस्त्यावरचा कंबर तलाव, कागदोपत्री धर्मवीर संभाजी तलाव. सुरुवात तिथूनच करा. जाण्या-येण्यातच माणूस दमला तर फिरण्याला ताकद उरत नाही. दुसरा पर्याय सिद्धेश्वर तलाव. एका अंगाला भुईकोट किल्ला, मधे देऊळ, त्यामुळे अण्णांना बघायला पुष्कळ आहे. पण सोमवार टाळा, श्रावणातले सोमवार तर नकोच. जानेवारीत गड्ड्याची जत्रा असते तेव्हा होम मैदान आणि आजूबाजूचे रस्ते दुकानांनी, पाळण्यांनी भरलेले असतात. त्या दिवसांत खुर्ची घेऊन त्या बाजूला फिरकू नका. तिसरा हिप्परग्याचा एकरुख तलाव. आदिला नदी अडवून १८७१ साली पुरा झालेला हा तलाव तुळजापूर रस्त्याला लागून आहे. हिवाळ्यात पाणपक्षी येतात, पण कच्चा बांध म्हणजे माती, खडी आणि सराटे. तिथे गाडी थांबवा, काच खाली करा, पक्षी दाखवा आणि परत या.

आता महत्त्वाचं. पहिल्या रविवारी अण्णा आणि आई दोघांनाही घरी ठेवून तुम्ही आणि भाऊ वाट तपासून या. तळ्याकाठची कामं चालू-बंद असतात. गेल्या वर्षी धड असलेली फरशी यंदा केबलसाठी उखडलेली असू शकते. सोबत मोजपट्टी, एक मीटर लांबीची सरळ पट्टी आणि गवंड्याकडे असते ती पाणसळ घ्या. पट्टी वाटेवर चालण्याच्या दिशेने ठेवा, तिच्यावर पाणसळ ठेवा आणि उताराकडचं टोक बुडबुडा मधोमध येईपर्यंत उचला. पट्टीखाली जी फट पडली ती मोजा. ५ सेंटिमीटर किंवा कमी असेल तर वाट चांगली. ८ सेंटिमीटर म्हणजे रॅम्प, दहा-पंधरा पावलांपुरता चालेल. त्याहून जास्त असेल तर ती वाट तुमची नाही. पाणसळ नसेल तर मोबाइलमधली लेव्हल वापरा. ३ अंशांच्या आत ठीक, ५ अंश म्हणजे रॅम्प.

हे आकडे का, तेही सांगतो. अण्णा ६८ किलो, लोखंडी खुर्ची साधारण १८, म्हणजे ८६ किलो. २० फुटांना १ फूट चढ असेल तर ढकलणाऱ्याला सव्वाचार किलोचा जोर सतत लावावा लागतो. १२ ला १ असेल तर सात किलोच्या वर. स्कूटर चढवायला दुकानदार करतात तसला ६ ला १ चा उतार असेल तर चौदा किलो. घर्षण वेगळंच. आणि उतरताना हाच जोर उलटा होऊन तुमच्या हातातून खुर्ची ओढतो. चढ जमला म्हणून उतार जमेल असं समजू नका.

पट्टी आडवी टाकूनही बघा. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून वाटेला आडवा उतार दिलेला असतो. मीटरला २ सेंटिमीटरपर्यंत चालतो. त्यापुढे खुर्ची सारखी खालच्या बाजूला वळते आणि ढकलणाऱ्याचं एक मनगट कामाला लागतं. तुमच्याबाबतीत आणखी एक गोष्ट आहे. आडवा उतार डावीकडे असेल तर अण्णांचा तोलही डावीकडेच जाणार, आणि सावरायला तिकडे हात नाही. उजवीकडचा उतार त्यामानाने चालतो, उजव्या हाताने ते आर्मरेस्ट धरू शकतात.

जमिनीचं म्हणाल तर काँक्रीट किंवा डांबर सर्वात उत्तम. पेव्हर ब्लॉक चालतात, पण खचलेले नकोत. दोन ब्लॉकमध्ये १ सेंटिमीटरची पायरी झाली असेल तिथे पुढचं लहान चाक अडतं आणि बसलेला माणूस पुढे झुकतो. एका अंगाचा जोर गेलेल्या माणसाला असा धक्का सावरता येत नाही. म्हणून छातीला किंवा कमरेला पट्टा बांधल्याशिवाय पेव्हरवर जाऊ नका. गटाराच्या जाळ्या बघा. फटी चालण्याच्याच दिशेने असतील तर पुढचं चाक त्यात रुततं. तिथे खुर्ची वळवून फटींना काटकोनात आणायची, नाहीतर उलटी करून मोठ्या चाकांवरून न्यायची. लॉन दिसायला मऊ असतं आणि ढकलायला भयंकर. काळ्या मातीत ओल असेल तर दहा पावलांत चाक आणि फ्रेम यांच्यामधली फट मातीने भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. सोलापूरला सप्टेंबरात पाऊस जास्त, तेव्हा पक्की वाट नसेल तिथे त्या महिन्यात जायचं नाही.

फाटकाशी बहुतेकांचा घोळ होतो. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून खांब रोवतात, नागमोडी लोखंडी नळ्या लावतात किंवा फिरतं फाटक बसवतात. १८ इंची सीटची खुर्ची बाहेरून साधारण ६५ सेंटिमीटर रुंद भरते, वर ढकलणाऱ्याच्या किंवा बसलेल्याच्या हाताची बोटं. फट ७५ असली तर बोटं सांभाळून निघते, ९० असली तर निर्धास्त. नागमोडी फाटकात रुंदी पुरली तरी वळायला जागा लागते, दीड मीटरचा मोकळा चौक हवा. तो नसेल तर रखवालदाराला आदल्या दिवशीच भेटा आणि मोठं फाटक किती वाजता उघडून देणार ते ठरवा. ऐन वेळी अण्णांना उन्हात ठेवून ‘चावी कुठंय’ चालू झालं की त्यांचा जायचा मूडच जातो.

त्याच फेरीत दोन बाकांमधलं अंतर पावलांनी मोजा. आईसाठी सुरुवातीला दर पन्नास-साठ मीटरला बसायची सोय हवी. बाक गुडघ्याच्या उंचीचा म्हणजे ४५ ते ५० सेंटिमीटर असावा. बागेतले ठेंगणे सिमेंटचे कठडे गुडघेदुखीला शिक्षा आहेत, बसता येतं पण उठता येत नाही. बाक नसतील तर हात असलेली घडीची खुर्ची भावाच्या खांद्याला लावा. बिनपाठीचं स्टूल नको.

आता खुर्चीकडे. बदलायची घाई नको, आधी तपासा. अण्णा बसल्यावर मांडी आणि बाजूच्या पत्र्यामध्ये प्रत्येक बाजूला दोन बोटं जावीत. जास्त जागा असेल तर ते डावीकडे कलतील, कमी असेल तर कातडी घासेल. पायपट्टी जमिनीपासून निदान ५ सेंटिमीटर वर हवी, नाहीतर पहिल्याच गतिरोधकावर ती आपटते आणि खुर्ची जागच्या जागी थांबते. मागच्या हवेच्या चाकांत हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. सायकलच्या दुकानात तेवढी भरून घ्या. हवेचा आणि ब्रेकचा थेट संबंध आहे. या खुर्च्यांचा ब्रेक म्हणजे टायरवर दाबली जाणारी एक लोखंडी पट्टी. टायर मऊ पडला की पट्टी नीट टेकत नाही, ब्रेक लावल्याचा ‘खट्’ आवाज येतो आणि चाक तरीही फिरतं. दर वेळी निघण्याआधी रिकाम्या खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावून मागून ढकलून बघा. चाक फरशीवर घसरलं तर ब्रेक ठीक. फिरलं तर आधी हवा, मग पट्टीचा नट.

पुढची चाकं उचलून हाताने फिरवा. अडखळत असतील तर आसापाशी केस, दोरे गुंडाळलेले सापडतील. घरात सूत, चादरी, लोकर असेल तर हमखास. वाकड्या सुईने किंवा क्रोशाच्या सुईने ओढून काढा, कापून तिथेच ठेवू नका. पुढची चाकं ५-६ इंची असतील तर पेव्हरवर त्रास होणारच. ८ इंची चाकं बसवता येतात का ते दुरुस्ती करणाऱ्याला विचारा, आणि खुर्ची बदलायची वेळ आलीच तर पहिली मागणी हीच ठेवा. चारही चाकं लहान असलेली हलकी खुर्ची दुकानदार आग्रहाने दाखवेल. ती दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीसाठी असते, आपल्या रस्त्यावर नेऊ नका. पंक्चरचं म्हणाल तर वेडी बाभूळ आणि सराटे आपल्याकडे पाचवीला पुजलेले. भरीव टायर घेतले तर पंक्चरची कटकट संपते, पण प्रत्येक सांध्याचा हादरा पाठीला जाणवतो. हवेचे ठेवायचे असतील तर एक जादा ट्यूब आणि छोटा पंप पिशवीत असू द्या.

बसायला दोन-तीन इंची फोमची गादी हवी. घडी घातलेली सोलापुरी चादर सीटवर घालायचा मोह होतो, पण तिच्या घडीची कड मांडीला काचते आणि त्या बाजूला संवेदना कमी असेल तर अण्णांना कळणारही नाही. थंडीत मांडीवर चादर घ्यायची असेल तर दोन्ही कडा मांडीखाली खोचा. सुटलेले गोंडे चाकाच्या आरीत गेले की चादर खुर्चीसकट माणसाला खेचते. हीच गोष्ट आईच्या पदराची. अण्णांचा डावा हात आर्मरेस्टवर नुसता ठेवून भागत नाही, तो घसरून चाकाकडे जातो. मांडीवर लहान उशी ठेवून तिच्यावर हात ठेवा. पाय पायपट्टीवरून मागे सरकू नये म्हणून पोटऱ्यांमागे पट्टा लावा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी त्यांना उजवीकडे झुकवून, मग पुढे वाकवून बुडावरचा भार मिनिटभर हलका करा. घरी आल्यावर माकडहाड, टाचा आणि डावा घोटा उजेडात बघा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर गादी किंवा बसण्याची पद्धत चुकते आहे असं समजा.

आई खुर्चीचा दांडा धरून चालते, ते मात्र पहिल्या दिवसापासून बंद करा. खुर्ची म्हणजे वॉकर नाही. तिच्यावर भार टाकला तर दोनच गोष्टी होतात: उतारावर ती पुढे पळते आणि आईला ओढते, किंवा दांड्यावर वजन पडून पुढची चाकं उचलली जातात आणि अण्णा मागे कलंडतात. आईचा गुडघा ऐन वेळी लचकला तर दोघंही एकदम पडतील. शिवाय अण्णा रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असतील तर डोक्याला लागलेला साधा मारही दवाखान्यात दाखवायचा असतो, वरून काही दिसत नसलं तरी. ढकलायचं काम तुमचं किंवा भावाचं. आईला तिची स्वतःची काठी द्या. उंची अशी की सरळ उभं राहून हात मोकळा सोडला की काठीची मूठ मनगटाच्या रेषेला यावी. जो गुडघा जास्त दुखतो त्याच्या विरुद्ध हातात काठी. बहुतेक बायका दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि काठीचा उपयोग होत नाही अशी तक्रार करतात. खालचं रबर झिजून गुळगुळीत झालं असेल तर बदला, रबर स्वस्तात मिळतं. एखाद-दुसरी पायरी आली तर चढताना आधी बरा पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय.

आईच्या पायात पट्ट्याचे बंद बूट हवेत, चप्पल नको. शुगरमुळे तळव्याची जाणीव कमी झाली असेल तर देवळाच्या आवारात अनवाणी चालताना तापलेल्या फरशीचा चटका समजत नाही आणि संध्याकाळी फोड दिसतो. सिद्धेश्वराचं दर्शन घ्यायचंच तर सकाळी लवकर, जाड मोजे घालून. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी फिरायला जायचं नाही. घाम, थरथर, डोकं हलकं वाटणं असं काही झालं तर लगेच बसवा, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. बरं वाटलं तर काहीतरी खायला देऊन घरी. त्या दिवशी पुढे चालायचं नाही.

खाण्यावरून आठवलं. फिरायला जायचं म्हणजे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी डब्यात आलीच. आई आणि तुम्ही खुशाल खा. अण्णांना गिळताना ठसका लागत असेल तर ही जोडी त्यांच्यासाठी सगळ्यात वाईट. कोरडा चुरा घशात अडकतो. त्यांना केळं किंवा घट्ट दह्यातला मऊ भात द्या, ताठ बसवून, खुर्ची थांबलेली असताना.

गाडीत बसवणं-उतरवणं घरी, अंगणात आधी तीन-चार वेळा करून बघा. पुढच्या डाव्या दारातून बसवताना खुर्ची गाडीला समांतर लावली की सीट अण्णांच्या उजव्या, म्हणजे बऱ्या बाजूला येते. ते सोपं जातं. अडचण उतरताना येते. तेव्हा खुर्ची डावीकडे येते आणि माणूस पडतो तो इथेच. म्हणून उतरताना घाई नाही: आधी दोन्ही पाय बाहेर, पाऊल जमिनीवर सपाट, मग भावाने समोर उभं राहून कमरेच्या पट्ट्याला धरून उभं करायचं, अण्णा स्थिर झाले की लहान पावलांनी वळवायचं, आणि तुम्ही मागून खुर्ची गुडघ्याला टेकवायची. ब्रेक लावलेले, पायपट्ट्या वर केलेल्या. डावा दंड किंवा काख धरून ओढू नका. त्या खांद्याचा सांधा सैल झालेला असतो, एका हिसक्याने निखळतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो. रिक्षातही चढायचं डावीकडूनच, तेव्हा हीच पद्धत. खुर्ची घडी करून उचलताना मूळ सांगाड्याला धरा. आर्मरेस्ट धरून उचलली तर ती निघून हातात येते.

वाटेत एखादी कड आली तर चढताना खुर्ची सरळ समोर न्यायची, मागच्या बाजूच्या खालच्या नळीवर पाय दाबून पुढची चाकं वर घ्यायची, ती कडेवर टेकवायची आणि मागची चाकं कडेला भिडल्यावर उचलून पुढे ढकलायचं. उतरताना मात्र उलटं वळून, आधी मागची मोठी चाकं. तीव्र उतारावरही उलटंच. हे सगळं अण्णांना आधी सांगून करा, ‘आता मागे कलतोय’ एवढं म्हटलं तरी पुरे. १५ सेंटिमीटरच्या वरची कड एकट्याने करू नका.

पाण्याकाठी थांबताना खुर्ची कधीही पाण्याकडे तोंड करून लावायची नाही, कठडा असला तरी. काठाला समांतर लावा, दोन्ही ब्रेक लावा आणि भाऊ पाण्याच्या बाजूला उभा राहू दे. बघायला मान वळवली की झालं. इथे आणखी एक गोष्ट बघा. अण्णा ताटातलं डाव्या बाजूचं वाढलेलं तसंच ठेवतात का? डाव्या दारचौकटीला हात आपटतो का? तसं असेल तर त्यांचं डावीकडे लक्षच जात नाही, दृष्टी चांगली असली तरी. फिजिओला हे जरूर सांगा. वाटेवर मात्र पाणी उजव्या हाताला येईल अशा दिशेने चालायचं, म्हणजे तळ्याला प्रदक्षिणा घालतो तसं. नाहीतर तुम्ही पाणी दाखवत राहाल आणि ते रस्त्याकडे बघत बसतील. समोरून येणारी सायकल डावीकडून जाणार असेल तर आधी बोलून सांगा.

वेळ. पहिल्यांदा दोघांना नेताना एकूण वीस मिनिटं, त्यात दहा जायची आणि दहा यायची. आई दमली की परत फिरू, असं ठरवलं तर परतीची वाट तिला दमलेल्या पायांनी काटावी लागते. त्यामुळे घड्याळ बघून फिरा, तिला उत्साह वाटत असेल तरीही. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा नेहमीपेक्षा जास्त सुजला किंवा दुखला नाही, तर पुढच्या वेळी पाच मिनिटं वाढवा. चालताना आईला बोलता आलं पाहिजे. वाक्य मधेच तुटायला लागलं की वेग कमी करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपल्याकडचे सुखाचे महिने, तेव्हा साडेसात ते साडेनऊ छान. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा सहाला निघून साडेसातच्या आत घरी. खुर्ची उन्हात ठेवू नका, काळं रेक्झिन आणि लोखंडी नळ्या चटका देतात. सूर्यास्ताच्या वेळी तळ्याकाठी डास फार, संध्याकाळ निवडलीत तर पूर्ण बाह्या आणि पायमोजे.

संडासाचं स्पष्टच बोलतो, कारण म्हातारी माणसं यामुळेच बाहेर जायला नको म्हणतात आणि कारण मात्र भलतंच सांगतात. खुर्ची आत जाईल असं स्वच्छतागृह तुम्हाला मिळेल याचा भरवसा धरू नका. निघण्याआधी घरी जाऊन घ्यायचं, युरिनल पॉट आणि पडद्यासाठी एक मोठा टॉवेल गाडीत ठेवायचा. लघवीच्या भीतीने पाणी तोडायचं नाही. पाण्याच्या, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या, गोळ्या चालू असतील तर त्यांची वेळ कधी ठेवायची ते डॉक्टरांना विचारून घ्या. एका वहीच्या कागदावर दोघांच्या गोळ्यांची नावं आणि मात्रा लिहून पिशवीत ठेवा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर थांबून वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा आणि शेवटचं नीट कधी होतं ती वेळ लक्षात ठेवायची. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि डॉक्टर पहिला प्रश्न वेळेचाच विचारतात.

अण्णांच्या ‘मिरवू नका’बद्दल. समजूत घालत बसू नका, काम द्या. किती वाजता निघायचं, कुठल्या बाकापाशी थांबायचं आणि परत कधी फिरायचं, हे तिन्ही निर्णय त्यांचे. घड्याळ त्यांच्या उजव्या हातात. खुर्ची ढकलायला सुरुवात करण्याआधी ‘निघू का?’ विचारा. न विचारता मागून खुर्ची हलवली की माणसाला सामान झाल्यासारखं वाटतं. ओळखीचं कुणी भेटलं आणि अण्णांची चौकशी तुमच्याकडे करायला लागलं, तर उत्तर तुम्ही देऊ नका. फिजिओने होकार दिला असेल तर काँक्रीटच्या सपाट तुकड्यावर, शेवटच्या बाकापासून गाडीपर्यंत त्यांची वीस पावलं काठी धरून चालू द्या, भाऊ डाव्या अंगाला आणि खुर्ची मागोमाग. सुरुवातीला चालवू नका, उतरल्याबरोबर पाय आखडलेले असतात. आणि एवढं करूनही एखाद्या रविवारी ते नाही म्हणाले तर आईला घेऊन तुम्ही जा. तिचं फिरणं त्यांच्या मर्जीवर टांगून ठेवायचं कारण नाही.

वाट तपासताना जे अडथळे सापडतील त्यांचे फोटो मोजपट्टी ठेवूनच काढा. ‘फाटक अरुंद आहे’ या तक्रारीला उत्तर येत नाही. ‘अमुक फाटकातील दोन खांबांमध्ये ६० सेंटिमीटर अंतर, व्हीलचेअर जात नाही’ या तक्रारीला निदान कागद तरी हलतो. सार्वजनिक जागा सुगम्य असाव्यात हे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये आहे, आणि त्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राने २०२१ मध्ये काढली आहेत. महापालिकेला अर्ज देताना दोन्हींचा उल्लेख करा आणि पोच घ्या. खांब कापायला फार खर्च येत नाही, त्यामुळे अशी कामं कधी कधी पटकन होतातही.

राहिलं पंढरपूर. भावाला नाराज करू नका, पण आत्ता नको. सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, म्हणजे फिरण्याआधीच अण्णांची दीड-दोन तासांची बैठक झाली. चंद्रभागेच्या वाळवंटात, म्हणजे पात्रातल्या वाळूत, खुर्ची चालत नाही. पुढची चाकं वाळूत आसापर्यंत रुततात, ढकलाल तेवढी खोल जातात आणि खुर्ची पुढे उलटते. घाटाच्या पायऱ्यांवरून चार अनोळखी माणसांनी खुर्ची उचलून नेणं हा तर अपघाताला आमंत्रण देण्याचा प्रकार. प्रत्येक जण हाताला येईल तो भाग धरतो आणि निघणारे भाग निघतात. पावसाळ्यात उजनी आणि वीर धरणातून पाणी सोडलं की खालच्या पायऱ्याच बुडतात. कंबर तलावावर अण्णा सलग तासभर आरामात बसू शकतात असं चार-पाच फेऱ्यांत दिसलं की मग ठरवा. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री या चारही वाऱ्या आणि दर महिन्याची एकादशी सोडून, आठवड्याच्या मधल्या दिवशी, हिवाळ्यात. वाटेत मोहोळला पंधरा मिनिटं थांबून त्यांना उभं करा, भार हलका करा. तिथे पोचल्यावर घाटाच्या माथ्यावर सपाट जागा बघून खुर्ची नदीला समांतर लावा. पाणी आणायला भावाला तांब्या देऊन खाली पाठवा, पायऱ्या त्यालाच उतरू देत.